शेठसाठी राखलेला वेल

तिला सगळे वाकडी म्हणतात, पण बाई काठीसारखी सरळ आहे. मान ताठ, पाठ ताठ, चालणं असं की समोरून येणारा बैलसुद्धा बांधाच्या कडेला सरकतो. हे नाव तिला काकड्यांवरून पडलं, आणि पाडलं भाजीबाजारातल्या अडत्यानं. आईबापांनी ठेवलेलं नाव काय होतं ते आता फक्त नवऱ्याला ठाऊक असणार, आणि नवऱ्याच्या तोंडून काही बाहेर पडेल याची आशा वस्तीनं केव्हाच सोडलेली आहे. त्याला मौनीबाबा म्हणतात. लग्न ठरताना मुलगी पसंत आहे का असं विचारलं, तेव्हा तो नुसता खाकरला होता म्हणे. तोच होकार धरला.

नाव पडलं त्या दिवसाची गोष्ट आधी सांगायला हवी.

वस्तीतले सगळे काकडी लावायचे आणि सगळ्यांचा माल त्या एकाच अडत्याच्या गाळ्यावर उतरायचा. अडत्या म्हणजे मधला माणूस. शेतकऱ्याचा माल स्वतःच्या गाळ्यात मांडायचा, दुकानदारांना विकायचा आणि मधल्या मध्ये आपलं पोट भरून घ्यायचं. याचं पोट खुर्चीच्या दोन्ही हातांमध्ये मावत नव्हतं, म्हणून खुर्चीचा एक हात त्यानं कापून घेतला होता. त्याला शेठ म्हणायचं. न म्हणणाऱ्याचा माल संध्याकाळपर्यंत उन्हात पडून राहायचा.

क्रेट भरायची एक रीत होती. वरचा थर देखणा लावायचा, खाली उरलंसुरलं सारायचं. पाहुणे यायचे म्हणून फाटक्या गादीवर धुतलेली चादर घालावी, तसं. सगळेच करायचे. शेठला ते ठाऊक होतं, आणि शेठला ठाऊक आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. एरवी तो कानाडोळा करायचा आणि ‘खालचं धरून’ म्हणत सगळ्यांचाच भाव सरसकट उतरवायचा. पण भाव आणखी पाडायचा असला की तो रांगेतून एक क्रेट निवडायचा आणि चारचौघांत उपडा करायचा. एकाची अब्रू गेली की उरलेल्यांची तोंडं आपोआप बंद. प्रत्येकाला एकच घोर, पुढचा क्रेट आपला तर नाही ना?

त्या दिवशी त्यानं हिचा निवडला.

काकड्या फरशीवर घरंगळल्या. कुठली विळ्यासारखी वळलेली, कुठलीचं पोट फुगून शेपूट बारीक झालेलं, कुठली अंगठ्याएवढीच राहिलेली.

“बघा रे बघा!” शेठ ओरडला. “बाई केवढी सरळ उभी आहे, आणि माल बघा! काय गं वाकडे, वेलाला लागतात की कुणाच्या कानासारख्या पिळून आणतेस?”

हमाल हसले, मापाडी हसला. रांगेत मागं तिची थोरली जाऊ आपले क्रेट घेऊन उभी होती. ती सगळ्यांत मोठ्यानं हसली. तिच्याही क्रेटात खाली उरलंसुरलंच होतं, पण मोठ्यानं हसणाऱ्याचा क्रेट कुणी उघडत नाही एवढा हिशेब बाईला पक्का ठाऊक होता.

वाकडी गुडघ्यांवर बसून एकेक काकडी वेचायला लागली. एक जाऊन शेठच्या पायाशी थांबली होती. त्यानं ती चपलेखाली दाबली, जरा वेळ तशीच धरली आणि मग पायानंच तिच्याकडे लोटली.

“घे. ही राहिली.”

तिनं ती उचलली, बाहीला पुसली आणि कचकन चावली. तशीच शेठकडे बघत चावत राहिली. पाण्याविना वाढलेली काकडी कडू होते. ही तर जहर होती. तिनं देठासकट संपवली.

“कडू आहे का गं?” शेठनं हसत विचारलं.

“आहे,” ती म्हणाली. “लक्षात राहील.”

परतीच्या वाटेवर गाडी हाकणाऱ्या मौनीबाबाला ती म्हणाली, “मला तो आपल्या दारात आलेला बघायचाय. माल मागायला आलेला. आणि माल द्यायचा नाही.”

गाडी ओढा उतरली, ओढा चढली. वस्तीची झाडं दिसायला लागली तेव्हा मौनीबाबा म्हणाला, “बरं.”

त्याच्या परीनं ते भाषणच होतं.

* * *

आता काकडी वाकडी का होते? तिच्या अंगात पाण्यावाचून दुसरं आहेच काय! आज पोटभर पाजलं आणि मग पुढच्या पाळीपर्यंत घसा कोरडा ठेवला, तर तीही माणसासारखीच वागते. अंग चोरते, वळते, कडू होते. वाकडीचं शेत पाटाच्या अगदी शेवटाला. धरणाच्या कालव्यातून फुटलेला हा पाट वस्तीतल्या सगळ्यांची शेतं पाजत पाजत खाली यायचा, आणि तिच्यापर्यंत पोचेपर्यंत त्यात पाणी म्हणण्यासारखं थोडंच उरायचं.

पाटाच्या तोंडाशी होतं जावेचं शेत. थोरला दीर दूर कुठल्याशा कारखान्यात नोकरीला, त्यामुळे शेत, घर आणि पाटाचं दार, तिन्हींवर जावेचंच राज्य. दार म्हणजे लोखंडी पत्रा. आपली पाळी संपली की तो खाली सोडायचा, म्हणजे आपल्या शेताकडची वाट बंद होऊन पाणी पुढच्याकडे जातं. जाऊ सोडायची, पण सोडताना खाली मुठीएवढा एक दगड ठेवायची. फटीतून करंगळीएवढी धार तिच्या शेतात चालू राहायची, पाळी कुणाचीही असो. तिचं बघून खालच्यानं चिंधी अडकवली, त्याच्या खालच्यानं काडी. सगळ्यांनी थोडं थोडं चोरलं आणि सगळ्यांचं मिळून वाकडीच्या वाट्याचं सगळं गेलं.

त्या दगडावरून दोघी जावांची भांडणं वस्तीला पाठ होती. लोक चहाचे कप घेऊन ऐकायला यायचे. पण बाजारातून आल्यावर वाकडीनं तो विषयच बंद केला. एकच राग पोसायचा तर बाकीचे उपाशी ठेवावे लागतात, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

शेताच्या खालच्या कोपऱ्यात एक खळगा होता. काही उगवायचं नाही, नुसती बेडकं. पीक निघाल्यावर नवराबायकोनं तिथं तळं खणायला घेतलं. थेंब थेंब का होईना, येईल ते साठवायचं आणि वेलांना आपल्या हातानं, रोज, मोजून द्यायचं.

जाऊ बांधावर येऊन उभी राहिली. “काय गं धाकटे, पोहायला शिकतेस की काय या वयात?”

“हो जाऊबाई,” वाकडी खड्ड्यातून म्हणाली. “पोहायला आणि बुडवायला, दोन्ही.”

तळ्याला जाड काळा प्लास्टिकचा कागद लागतो, नाहीतर पाणी जमीनच पिते. त्यापायी दुभती गाय गेली. घरात काळा चहा सुरू झाला. ठिबकच्या नळ्या तिनं एका फूलवाल्याकडून आणल्या. त्यानं फुलशेती सोडून दिली होती आणि नळ्या गोठ्यामागं फेकून दिल्या होत्या. क्षार बसून त्यांच्या तोट्या पार बुजलेल्या. वाकडीनं त्या आम्लाच्या पाण्यात भिजवल्या, सुईनं टोकरल्या, आणि मौनीबाबानं प्रत्येक तोटी तोंडात धरून फुंकून पाहिली. वस्ती म्हणाली, चला, त्या तोंडाचा काहीतरी उपयोग झाला.

वेल तारेवर चढवले, म्हणजे काकडी लोंबत, सरळ वाढते. प्रत्येक बुंध्याशी एक तोटी. नळ्या पसरून झाल्यावर मौनीबाबानं बांधाकडच्या टोकाच्या एका वेलाकडे बोट दाखवलं. नळी त्याच्या अलीकडेच संपत होती.

“तो राहिला.”

“राहिला नाही. ठेवलाय.”

“वाळेल.”

“वाळू नाही द्यायची मी. मरणार नाही एवढं घालीन मगानं.” तिनं हाताला लागलेला चिखल गवताला पुसला. “तो शेठसाठी आहे.”

मौनीबाबानं वेलाकडे बघितलं, बायकोकडे बघितलं, आणि पुढची नळी उलगडायला गेला.

* * *

काकड्या सरळ आल्या. गर्द हिरव्या, एकसारख्या, कुठलीही उचला. दुसरी कुणी असती तर तिनं नटवून, मिरवत बाजारात नेल्या असत्या. वाकडीनं उलटंच केलं.

तिनं विचार केला तो असा. शेठ फक्त क्रेटचा वरचा थर बघतो. चांगला थर दिसला तरी ‘खालचं धरून’ तोच भाव देणार. मग खालचं बघतं कोण? जो घरी नेऊन क्रेट रिकामा करतो तो. आणि सगळ्यांत जास्त क्रेट नेणारा होता शहरातल्या भाजीदुकानांचा खरेदीदार, जाड भिंगांचा एक चष्मेवाला. शेठ त्याला आतल्या खोलीत चहावर बसवून ठेवायचा. शेतकऱ्याशी त्याची गाठ पडू द्यायचा नाही. त्याच्या ट्रककडे कुणी चार पावलं टाकली तर हमाल आडवे यायचे. दुकानांच्या जोडीला हा माणूस खाणावळींनाही भाजी चिरून पुरवायचा, त्यामुळे वाकडा माल तो स्वस्तात, डोळे झाकून उचलायचा.

म्हणजे त्याच्याशी बोलायला एकच वाट होती, क्रेटच्या तळातून.

तिनं शेजारणीकडून वाकड्या काकड्या मागून आणल्या. सरळ खाली रचल्या, वाकड्या वर पसरल्या आणि क्रेटच्या कानाला हिरव्या कापडाची चिंधी बांधली.

शेठनं नजर टाकली. “अजून तशाच का गं वाकडे?”

“पाणीच नाही हो शेठ.”

“देवाघरचं पाणी नाही, पण डोळ्यांतलं आहे वाटतं. उतरव रे, चिरायच्या मालात टाक!”

क्रेट उपडा करून बघायची त्याला गरजच वाटली नाही. आयुष्यभर त्यानं एवढंच पाहिलं होतं की खालचं वरच्यापेक्षा वाईट असतं. वरचंच वाईट असेल तर खाली बघायचंय काय? त्याच्या धंद्यात वाढलेल्या माणसाला दुसरं सुचलंच नसतं.

पूर्ण हंगामभर ती हेच करत राहिली. सोन्यासारखा माल मातीच्या भावात. जावेला कुठून तरी कळलं. ती घरोघर सांगत सुटली, “हिचं डोकं फिरलंय. चांगली लेक कोठीत कोंडते आणि शेंबडी दारात बसवते!” मौनीबाबा काळा चहा प्यायचा आणि क्रेट गाडीवर चढवायचा. एकदाच त्यानं विचारलं, “येईल का तो?”

“न येऊन जाईल कुठं? हावरट आहे.”

आला. एका सकाळी पाटाच्या बांधावर धुळीनं माखलेली मोटार थांबली. काकडीच्या वस्त्या विचारत आलेला चष्मेवाला तिच्यातून उतरला. हातात हिरवी चिंधी.

“ही कुणाची आहे?”

तक्रार आली असं वाटून वस्ती चिडीचूप. शेवटी जाऊच पुढं झाली. “वाकडीची! ती बघा, तळ्यावर. आमचा काही संबंध नाही.”

वाकडी तळ्याच्या काठाला ठिबकची गाळणी धूत बसली होती. चष्मेवाला घसरत, सावरत तिथवर पोचला.

“बाई, डोकं ठिकाणावर आहे ना तुमचं? माझ्याकडे चिरणाऱ्या बाया हिरव्या चिंधीच्या क्रेटवरून मारामाऱ्या करतात. चांगल्या काकड्या पळवून घरी नेतात. एवढा माल तुम्ही खाली का घालता?”

“वरचं शेठ बघतो,” ती म्हणाली. “खालचं तुम्ही बघता.”

चष्मेवाला चष्मा काढून सदऱ्याला पुसायला लागला, आणि पुसता पुसता त्याचे खांदे हलायला लागले. तो हसत होता.

सौदा तिथंच, तळ्याच्या काठावर झाला. एक दिवसाआड ट्रक वस्तीत येणार, भाव चोख देणार. पण एकटीच्या शेतानं ट्रक भरत नाही, चार घरांचा माल लागेल. “आणि एक क्रेट जरी वर एक, खाली एक निघाला ना बाई,” चष्मेवाला चिंधी परत देत म्हणाला, “तर मी पुन्हा शेठकडे. तिथं निदान शिव्या द्यायला एक माणूस तरी आहे.”

* * *

बाकीची घरं लगेच तयार झाली. तळ्याची अक्कल ज्यांनी आधी हसण्यावारी नेली होती ते फावडी घेऊन खणायला लागले. पण तळी भरायला पाणी खाली यायला हवं होतं, आणि पाणी दगडावर अडलं होतं. शिवाय सगळ्यांत जास्त माल जावेचाच.

तेव्हा वाकडी जावेच्या दारात गेली. बाजारातल्या हसण्यानंतर पहिल्यांदा.

“जाऊबाई, दगड काढा. तुमचा माल माझ्या मालाबरोबर ट्रकवर चढेल. तोच भाव, तोच मान.”

“आणि नाही काढला तर?”

“तर शेठ आहेच की. हसायला बोलावील कधीतरी.”

जाऊ बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. मग उठली, पाटावर गेली, पत्र्याखालचा दगड उपसला आणि घरी आणून दाराला टेकण म्हणून ठेवला. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा. पाणी खाली आलं. तळी भरली. वाकडीच्या अंगणात पत्र्याची शेड उभी राहिली, तिच्यात ताडपत्री अंथरली, आणि नियम ठरला. ट्रकवर चढण्याआधी प्रत्येकानं आपला क्रेट आपल्या हातानं ताडपत्रीवर उपडा करायचा, सगळ्यांदेखत, आणि पुन्हा भरायचा.

बाजारात शेठचा गाळा हळूहळू ओस पडला. आधी आमच्या वस्तीचा माल थांबला, मग शेजारच्या वस्तीचा. हमालसुद्धा ट्रक भरायला इकडे यायला लागले. वाकडी त्यांना मुद्दाम विचारायची, “शेठ काय करतात रे?” ते सांगायचे, “माशा मारतात.” ती हे त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घ्यायची. आणि रोज सकाळी बांधाच्या टोकाच्या त्या वेलाला मगभर पाणी घालून यायची. जास्त नाही.

मग तो दिवस आला, ज्याच्याबद्दल वस्ती अजून खालच्या आवाजात बोलते.

ट्रक भरत आला होता. चष्मेवाला स्वतः आलेला. जाऊ उशिरा आली, क्रेट थेट ट्रकच्या फळीवर टेकवले.

“जाऊबाई, उपडे करा.”

“अगं ट्रक चालू आहे धाकटे. माझं काय बघायचंय, मी काय परकी?”

“परक्यांचं नंतर बघू. घरच्यांचं आधी.”

जाऊ हसली. हात मात्र क्रेटवरून काढेना. चष्मेवाला चष्म्याच्या वरून बघायला लागला होता. शेडमध्ये सगळे थांबले. वाकडीला कळून चुकलं होतं. सोडून दिलं तर ट्रक आज ना उद्या बाजारात परत जाणार, शेठच्या दारात. उपडा केला तर पाटाचं तोंड जावेच्या हातात आहे आणि दगड तिच्या दाराशी.

तिनं क्रेट ओढला आणि उपडा केला.

जावेच्या शेताला पाण्याची कमी कधीच नव्हती. काकड्या वाकड्या नव्हत्या. पिवळ्या पडलेल्या, वेलावर राहून जून झालेल्या, बियांनी गच्च. वरचा थर तेवढा कोवळा. भाव दुप्पट मिळत होता, लबाडीची काडीची गरज नव्हती. पण हाताला वळणच ते पडलेलं. आईनं तसा भरला, सासूनं तसा भरला, हिचा हात दुसरीकडे जाणार कसा?

कुणीतरी फिसकन हसलं. मग दुसरं. वाकडी हसली नाही. पण थांबा असंही म्हणाली नाही. जाऊ खाली वाकून वेचायला लागली, तिचे कान लाल झाले होते. एक पिवळी काकडी घरंगळत वाकडीच्या पायाशी आली. तिनं ती उचलून जावेच्या हातात दिली.

“घ्या. ही राहिली.”

जावेनं वर बघितलं. तेवढंच.

“दगड माझ्या दाराशीच आहे अजून, धाकटे,” ती जाताना म्हणाली.

“असू द्या. दार हलत असेल.”

घरी हात धुताना मौनीबाबा म्हणाला, “शेठसारखं झालं.”

“ट्रक गेला असता.”

“हो.”

आणि तो टॉवेल घेऊन आत गेला. वाकडी मोरीपाशी बराच वेळ हात धूत राहिली. हातांना तसं काही लागलेलं नव्हतं.

वस्ती रोज जावेच्या दाराकडे बघायची. दगड जागचा हलला नाही. पुढच्या ट्रकला जाऊ पुन्हा माल घेऊन आली, सगळ्यांच्या आधी. कुणी सांगायच्या आत स्वतः क्रेट उपडे केले. एकेक काकडी निवडून आणल्यासारखी.

* * *

शेठ आला तो भर दुपारी, रिकामा टेम्पो घेऊन.

एका मोठ्या कारखान्याच्या खाणावळीला त्यानं काकडी पुरवायचं कबूल केलं होतं. सरळ, एकसारखी, रोजची. शब्द देऊन बसला आणि मग गाळ्यात बघतो तर पालकाच्या चार सुकलेल्या जुड्या. आजूबाजूचे बाजार फिरला. सरळ काकडी वाकडीच्या शेडमध्ये असते असं सगळीकडे ऐकलं. टेम्पोतून उतरला तेव्हा तो बारीक झालेला दिसत होता. पट्ट्याला नवं भोक पाडलेलं.

बातमी पाटाच्या पाण्यापेक्षा लवकर फिरली. शेडभोवती माणसं जमली. जाऊही आली आणि खांबाला टेकून उभी राहिली.

“ताई,” शेठ म्हणाला. वाकडे नाही, ताई. “कशा आहात तुम्ही?”

“सरळ आहे. बसा ना शेठ.” तिनं एक रिकामा क्रेट पालथा घातला आणि त्याच्याकडे सरकवला. तो बसला. क्रेट करकरला.

“जुनं सोडून द्या ताई. धंद्यात बोलावं लागतं. मला माल द्या. चष्मेवाला देतो त्याच्यापेक्षा वरचा भाव देतो.”

“देऊ की. पण चव न बघता माल घेणार? थांबा.”

ती गेली. शेतातून, वेलांच्या रांगांमधून, थेट बांधाच्या टोकाला. येताना तिच्या हातात एक काकडी होती. विळ्यासारखी वळलेली, शेपूट बारीक, रंग फिकट. ती तिनं बाहीला पुसली आणि शेठपुढं धरली.

शेठनं काकडी बघितली, आणि त्याला आठवलं. चेहऱ्यावरूनच कळलं. त्यानं माणसांकडे बघितलं. हमाल उभे होते, त्याचेच जुने. मापाडी होता. मग टेम्पोकडे बघितलं.

त्यानं घास घेतला.

“कडू आहे का शेठ?”

तो चावत राहिला. डोळ्यांत पाणी आलेलं. “आहे.”

“संपवा.”

त्यानं संपवली. देठ मुठीत लपवायला गेला, तर वाकडी नुसती त्या मुठीकडे बघत उभी राहिली. मग त्यानं देठही तोंडात टाकला. शेडमध्ये कुणी हसलं नाही. हसण्यासारखं खूप होतं, पण तिच्या तोंडाकडे बघून कुणाची छाती झाली नाही.

“आता माल?” शेठनं विचारलं.

“माल? तो सकाळीच गेला ट्रकनं.”

“मग उद्याचा.”

“उद्याचाही नाही. परवाचाही नाही. वेलावर सडला तरी तुम्हाला नाही.”

“मग ही खायला कशाला लावलीस?” आवाज चढला तसं ताई, तुम्ही सगळं गळून पडलं.

“लक्षात राहावं म्हणून.”

टेम्पो वळला. मागचं फाळकं नीट लावलेलं नव्हतं. पाटाच्या वळणापर्यंत ते आपटत राहिलं, आणि वाकडी तो आवाज पूर्ण थांबेपर्यंत ऐकत उभी होती. मग तशीच शेतात गेली, बांधाच्या टोकाचा वेल मुळासकट उपटला आणि नव्या गाईपुढं आणून टाकला. गाईनं वास घेतला आणि तोंड फिरवलं.

त्या दिवशी वाकडी दोन माणसांचं जेवली. मौनीबाबानं वाढलं.

पुढच्या लागणीला वस्तीतल्या सगळ्यांनी ठिबक केलं, जावेनंही. नव्या कोऱ्या नळ्या, फुंकायचं काम नाही. वाकडी एका सकाळी पाटाच्या कडेनं वर निघाली होती, पाणी कुठं अडत तर नाही ना बघायला. जावेच्या शेतापाशी आली. जाऊ पाठमोरी बसून खुरपत होती.

“काय गं धाकटे,” मागं न बघता ती म्हणाली, “पोचतं ना पाणी खालपर्यंत?”

“पोचतं जाऊबाई.”

“मग झालं तर.”

दगड दाराशीच होता, वाकडीनं येतानाच पाहिला होता. पत्रा घट्ट बसलेला. वेल तारेवर टवटवीत. ती पुढं निघाली आणि बांधाच्या टोकाशी थबकली. नळी एका वेलाच्या अलीकडेच संपत होती. वेलाची पानं मान टाकून, बुंध्याशी ओलीचा एवढासा डाग, आणि शेजारी पालथा ठेवलेला एक मग.

खुरप्याचा आवाज थांबला होता. वाकडीनं मागं वळून पाहिलं नाही.

वेलाला पहिली काकडी धरली होती. अंगठ्याएवढीच, पण आत्तापासून वळायला लागलेली.